सूचना : १२ ऑक्टोबरची सकाळची फेरी

सभासदहो, १२ ऑक्टोबरला जागतिक संधिवात दिन. सकाळी ७ वाजता कृषीनगर जॉगिंग ट्रॅकच्या गेटपाशी जमायचं. ज्यांचे सांधे सकाळी तास-तासभर आखडलेले असतात, त्यांनी ८ पर्यंत आलं तरी चालेल. धावतपळत येऊ नका.

- फलक यंदा गळ्यात अडकवायचे. गेल्या वेळी बारीक काठ्या धरून बोटं सुजली, चूक आमचीच.
- चालणं जमेल तेवढंच. बाकं आहेत, बसा.
- सकाळच्या गोळ्या चुकवू नका. नाश्ता करून या.
- घरच्या एकाला तरी आणा. पाण्याच्या बाटलीचं झाकण कोणीतरी उघडायला हवं ना!

संधिवात लहान मुलांनाही होतो, हे लोकांना आवर्जून सांगा. तेल-लेपाच्या जाहिराती वाटू नयेत.