आबांच्या हातात पेन्सिल देणाऱ्या ताईंना

ताई, सादर नमस्कार.

आपले नाव मला ठाऊक आहे, परंतु आपल्याला विचारल्यावाचून ते चारचौघांत लिहिणे मला योग्य वाटत नाही. घशाच्या कर्करोगाची खूण रक्तात सापडू शकते का, याचा शोध घेणाऱ्या एका अभ्यासासाठी आपण मुंबईच्या रुग्णालयात नमुने घेत होता. हर्णैहून आलेले, आवाज पूर्ण गेलेले, मळकट निळ्या टोपीतले एक गृहस्थ त्या सकाळी आपल्यासमोर बसले होते. ते माझे वडील. आपल्याला ते आठवणार नाहीत कदाचित. आमच्या घरात मात्र आपली आठवण निघाली नाही असा आठवडा जात नाही.

आबांनी चाळीस वर्षे हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव पुकारला. संध्याकाळी होड्या आल्या, बैलगाड्यांतून मासळी वाळूवर उतरली की व्यापाऱ्यांच्या सगळ्या गलबल्यावर चढणारा आवाज त्यांचाच असे. म्हणून तो बसला तेव्हा कोणालाच नवल वाटले नाही. ओरडून ओरडून घसा धरला असेल, असेच आम्ही धरून चाललो. सोळाव्या वर्षापासून ओढलेल्या विड्यांचा विचार आमच्या मनात आला नाही, आणि ज्यांच्या मनात तो यायला हवा होता त्यांच्याही आला नाही. हळदीच्या गुळण्या, ज्येष्ठमध, औषधाच्या दोन-तीन फेऱ्या यांत चार महिने गेले. तीन आठवड्यांत आवाज सुटला नाही तर दुर्बिणीतून स्वरयंत्र पाहून घ्यावे, ही साधी गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नाही.

त्याहून मोठी चूक पुढे झाली, आणि तिच्याबद्दलचा माझा राग अजून ओसरलेला नाही. एका तपासणी केंद्रात आम्हाला ‘कर्करोगाची रक्ततपासणी’ म्हणून एक संच विकण्यात आला. अहवालातले सगळे आकडे मर्यादेच्या आत होते. ‘काही नाही, निश्चिंत जा,’ असे काउंटरवरच्या माणसाने सांगितले, आणि आम्ही खरोखर निश्चिंत होऊन परतलो. आईने आंजर्ल्याला जाऊन कड्यावरच्या गणपतीला नारळ वाढवला. त्या एका कागदावर विसंबून आमचे आणखी अकरा आठवडे गेले, आणि त्या अकरा आठवड्यांत गाठ वाढतच होती.

त्या अहवालातल्या एससीसी अँटीजेनचा अर्थ मला फार उशिरा कळला. हे प्रथिन १९७७ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या ऊतीतून प्रथम वेगळे केले गेले. घशाचा कर्करोगही बहुधा त्याच जातीच्या पेशींचा असल्याने ते इथेही तपासून पाहतात. पण गाठ लहान असताना ते वाढलेले नसू शकते, आणि सोरायसिस किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या माणसाच्या रक्तात कर्करोग नसतानाही ते वाढते. त्याच अहवालातले सीईए हे दुसरे प्रथिन तर नुसत्या धूम्रपानानेही थोडे चढते. या आकड्यांवरून घशात कर्करोग नाही असे कोणालाही म्हणता येत नाही. दुर्बिणीतून पाहून, तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासावाच लागतो. हे त्या काउंटरमागच्या माणसाला ठाऊक नसेल, तर त्याने तो संच विकायला नको होता. ठाऊक असेल, तर त्याला काय म्हणावे हे मला सुचत नाही.

आता त्या सकाळविषयी. निदान झाल्यापासून आबांशी कोणी बोलतच नव्हते. डॉक्टर माझ्याकडे पाहून विचारत, परिचारिका काकांकडे पाहून सांगत, आणि आम्हीही त्यांच्या डोक्यावरून उत्तरे देत असू, जणू आवाजाबरोबर त्यांचे कानही गेले होते. आपण मात्र खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसलात आणि संमतीपत्र मराठीत, सावकाश, त्यांना वाचून दाखवलेत. ‘काही विचारायचंय का?’ असे आपण विचारल्यावर आबांचे ओठ हलले, पण नुसती हवा बाहेर आली. सवयीने मी त्यांच्या वतीने बोलू लागले, तेव्हा आपण हाताने मला थांबवलेत. खिशातली पेन्सिल काढून आबांच्या बोटांत दिलीत, एक कोरा कागद पुढे सरकवलात, आणि मग काही न बोलता थांबलात. बाहेर रांग होती. कोणी दोनदा दार ढकलून आत डोकावून गेले. आपण घड्याळाकडे पाहिले नाहीत.

आबांनी लिलावाच्या वहीतल्या त्या वळणदार अक्षरांत लिहिले : ‘या रक्तातून माझे काय कळेल?’

आपण म्हणालात, ‘आबा, तुमचं काही कळणार नाही. तुमचं निदान तुकड्यावरून झालंय, उपचारही त्यावरच होतील.’

त्यांनी लिहिले : ‘मग कोणाचे?’

‘पुढे कोणाचं तरी. कदाचित कोणाचंच नाही.’

आबांनी आपल्याकडे क्षणभर पाहिले आणि सही केली. सात महिन्यांत त्यांना मिळालेले ते पहिले सरळ उत्तर होते, आणि त्यात दिलासा देणारे काहीही नव्हते. तरीही त्या दुपारी ते बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

आपले ‘कदाचित कोणाचंच नाही’ किती प्रामाणिक होते, हे पुढे वाचत गेले तसे मला उमगले. नाकामागच्या घशाच्या कर्करोगात रक्ताने खरोखर वाट दाखवली आहे. हाँगकाँगच्या संशोधकांनी कोणतेही लक्षण नसलेल्या २०,१७४ पुरुषांच्या रक्तात त्या कर्करोगाशी जोडलेल्या एपस्टाइन-बार विषाणूचा डीएनए शोधला आणि त्यातून ३४ रुग्ण हाती लागले, त्यातले बरेचसे सुरुवातीच्या टप्प्यावरचे. तो अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. टॉन्सिलजवळच्या काही कर्करोगांतही पॅपिलोमा विषाणूचा डीएनए रक्तात सापडतो. परंतु आमच्या किनाऱ्यावरच्या विडी-तंबाखूच्या कर्करोगात बहुधा असा एखादा विषाणू नसतो. प्रत्येकाच्या गाठीतला बिघाड वेगळ्या जागी असतो, आणि लहान गाठ रक्तात आपला अंश सोडते तोही अगदी थोडा. नळी भरताच आपण ती लगबगीने आत का पाठवत होता, हे तेव्हा मला कळले नव्हते. साध्या नळीत रक्त तसेच राहिले तर पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांच्या डीएनएच्या गर्दीत गाठीचा तो अंश दिसेनासा होतो.

काकांचेही रक्त आपण मागितलेत, तेव्हा ते गडबडले. आबांच्याच वयाचा, तितक्याच विड्या ओढणारा, पण कर्करोग नसलेला माणूस तुलनेला हवा असतो, नाहीतर सापडलेली खूण कर्करोगाची की नुसत्या विडीची हे सांगता येत नाही, असे आपण त्यांना समजावलेत. काकांनी बाही वर केली. परतीच्या गाडीत त्यांनी विडी पेटवली नाही, आणि अजूनही पेटवलेली नाही.

ताई, कोणाला फसवायचे नाही आणि कोणाला घाई करायची नाही, एवढे पाळायला पदवी लागत नाही, पैसाही लागत नाही. तरी त्या सात महिन्यांत ते आम्हाला किती थोड्या ठिकाणी भेटले! बंदरावर रात्री जाळे तुटलेल्या माणसाला न मागता हात देणारे खलाशी मी लहानपणापासून पाहिले आहेत. त्या माणुसकीची ओळख मला मुंबईच्या एका अरुंद खोलीत, निळा अंगरखा घातलेल्या आपल्यात पटली.

आबांचे स्वरयंत्र काढावे लागले. गळ्याशी छिद्र आहे, श्वास तिथून चालतो, आणि बोलण्याचा नवा सराव चालू आहे. पावसाळी बंदी उठून होड्या परत समुद्रात गेल्या, तसे तेही पुन्हा वाळूवर जाऊन बसू लागले आहेत. लिलाव आता माझा चुलतभाऊ पुकारतो, वही आबा लिहितात. तुमची ती पेन्सिल त्यांनी परत केली नव्हती, हे आम्हाला घरी आल्यावर कळले. झिजून ती आता बोटभर उरली आहे.

मी हे पत्र लिहायला बसले आहे असे सांगितल्यावर त्यांनी वहीच्या मागच्या पानावर एक ओळ लिहून माझ्यापुढे धरली. ती जशीच्या तशी इथे देते : ‘त्या पोरीला विचार, माझी नळी अजून बर्फात आहे काय.’

आपली,
आबांची थोरली मुलगी
हर्णै