साडेपाचची एसटी: महिला व बालविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

मी तापीकाठच्या एका गावातील अंगणवाडी सेविका, म्हणजे आपल्याच खात्यात मानधनावर राबणारी बाई. जूनमध्ये आम्हा पालकांना संध्याकाळी साडेपाचच्या एसटीचे आश्वासन मिळाले. ती गाडी अकरा दिवस धावली आणि चालक कमी असल्याचे सांगून बंद झाली. तेव्हापासून माझी बारावीतली मुलगी फाट्यावर उतरून, केळीच्या बागांमधून साडेतीन किलोमीटर चालत घरी येते. गेल्या मंगळवारी मोटारसायकलवरच्या दोघांनी तिची ओढणी ओढली. घरी आली तेव्हा एका पायात चप्पल नव्हती आणि प्रयोगवही चिखलाने भरली होती. ती रडली नाही, वहीची पाने पुसत बसली.

त्या दोघांना कोणी जाब विचारला नाही. मात्र त्याच रात्री मुलीचे कॉलेज बंद करण्याचे ठरले. सासूबाई म्हणाल्या, "पोरनी जात शे, शिकीसन काय करी?" तिच्या मोठ्या भावाला कॉलेजसाठी मोटारसायकल घेतली, तेव्हा कापसाचे सगळे पैसे त्यात गेले होते आणि शिकून तो काय करणार, असे कोणी विचारले नव्हते. मी स्वतः दहावीच्या परीक्षेआधी बोहल्यावर चढले. माझे हॉल तिकीट माहेरच्या पेटीत अजून आहे. ते आठवले की आजही घास उतरत नाही.

बारावीपर्यंत मुलींना एसटीचा प्रवास मोफत आहे, हे मला ठाऊक आहे. पास तिच्या दप्तरात आहे, गाडी नाही. पैसे देणाऱ्या योजनांपैकी 'लेक लाडकी' १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या मुलींसाठी, तर 'लाडकी बहीण' एकविसाव्या वर्षापासून. मधल्या वयाच्या मुलीला पैसे नकोतच, तिला घरी सुखरूप पोहोचायचे आहे. तेवढेही तुमच्या सरकारकडून होत नसेल, तर आम्ही कोणाच्या तोंडाकडे पाहायचे?

२०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या. त्यांतली मोठी मुले आता लग्नाच्या वयाला येत आहेत. मुलांना मुली मिळत नाहीत, म्हणून सोळाव्या वर्षीच स्थळे दारात येतात, आणि रस्त्यावर असे काही घडले की घाबरलेला बाप होकार देऊन मोकळा होतो. ज्या मुलींना मी दर आठवड्याला लोहाची निळी गोळी देत होते, त्यांतल्या दोघींची नावे मला वर्षभरात गरोदर मातांच्या यादीत घ्यावी लागली. वय एकोणीस लिहा, असे मला सांगण्यात आले.

बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ चा आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, गावात ग्रामसेवक प्रतिबंध अधिकारी आहे. पण पत्रिका छापलेली असते, मांडव पडलेला असतो आणि जेवायला सगळे गाव येते, अधिकारीही येतात. मुलांच्या मदतीसाठी असलेल्या १०९८ क्रमांकावर फोन केला, तर केला कोणी हे संध्याकाळपर्यंत गावभर होते. मग राहायचे आम्हालाच त्या गावात. ही सगळी व्यवस्था मुलीला घरात बसवायला एका दिवसात एक होते, आणि एक गाडी सोडायला तिला महिने पुरत नाहीत.

मुलीचे कॉलेज मी सोडू दिलेले नाही. अंगणवाडी आटोपून रोज फाट्यावर जाऊन उभी राहते. फेब्रुवारीत तिची परीक्षा आहे. परिवहन खात्याकडे बोट न दाखवता आपण स्वतः आगाराशी बोलावे आणि गाडी कोणत्या तारखेपासून सुरू होणार, ते लेखी कळवावे.

आपली,
एक अंगणवाडी सेविका