लाल लागलंय तुला

सातारा, रविवार रात्र

प्रिय दिग्या,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर नाही आणि आता अचानक हे बाड. शिव्या दे, पण आधी वाच. आईचा गुडघा होता तसाच आहे, माझं बीपी गोळीवर शांत आहे, आरोग्यवार्ता संपली.

काल आमच्या चित्रपट मंडळात 'शॉन ऑफ द डेड' दाखवला, मेल्यावर उठून माणसं खाणाऱ्या झोंबींचा तो इंग्रजी भयविनोदी सिनेमा, माझ्या मराठी सबटायटलांसह. आणि शॉनची आई मरते तिथे सभागृह हसलं.

खो खो नाही, पण हसलं. नाना हसले, एवढं सांगितलं की तुला पुरे.

चूक माझी आहे. बार्बराला, म्हणजे शॉनच्या आईला, झोंबीचा चावा बसलेला असतो आणि ती तो लपवून बसलेली असते. कारण काय, तर उगाच सगळ्यांच्या जिवाला घोर कशाला. जाता जाता ती मुलाला म्हणते की आजचा दिवस जरा 'फनी'च गेला, नाही? मी पाटी लिहिली, 'मजेशीर दिवस होता, नाही?' आता इंग्रजीतला तो फनी हसायचा नाहीच. पोटात कसंतरी होतंय म्हणतो ना आपण, त्यातला आहे. 'कसला दिवस गेला ना आजचा' एवढंच हवं होतं. पडद्यावर पेनेलोपी विल्टन जीव तोडून हळू बोलतेय आणि खाली माझा मजेशीर दिवस. यानंतर ती झोंबी होणार आणि पोराला आईवर बंदूक धरायची असते. पुढची काही मिनिटं सिनेमात विनोद औषधालासुद्धा ठेवलेला नाही, आणि आमचं सभागृह हसण्याच्या तयारीत बसलेलं.

आता तुझं ते वाक्य. लॉ कॉलेज रोडच्या कट्ट्यावर तू म्हणाला होतास की भूत हसवायला लागलं की भूत उरत नाही, आणि मी तुला सदाशिवपेठी म्हणालो होतो. ते मागे घेत नाही. पण वाक्य अर्धं बरोबर आहे. अर्धं अशासाठी, की इंग्रजांच्या चांगल्या भयविनोदी सिनेमात भूत हसवतच नाही. हसवतात ती माणसं, कारण मरण दारात येऊन उभं राहिलं तरी त्यांच्या सवयी सुटत नाहीत. फिलिप आठव, शॉनचा सावत्र बाप. घराच्या दारात चावा बसतो, तर हा म्हणतो काही नाही, नळाखाली धरला होता. मोटारीत मरतो, झोंबी होतो, आणि झोंबी झाल्यावर पहिलं काम काय करतो? मोठ्यानं लावलेलं गाणं बंद करतो. फिलिप झालेला बिल नाय माणूस म्हणून जसा वैतागलेला असतो तसाच मेल्यावरही. पण झोंबी म्हणून तो खराच आहे, जवळ गेलास तर फाडून खाईल. भीतीला कुठेही सूट दिलेली नाही.

आपला तात्या विंचू याच्या बरोबर उलट. 'झपाटलेला'मध्ये (१९९३) हसू भुताकडेच आहे. रामदास पाध्यांच्या बाहुल्याचे डोळे, ती मान, तो मंत्र. लक्ष्या घाबरतो म्हणून हसू येतं, पण घाबरवणारासुद्धा नटच आहे, टाळी घेणारा. ही कमतरता नाही, घडणच वेगळी आहे. आपलं भूत नाटकातून, दशावतारातून, बोलक्या बाहुल्यातून आलंय. ते रंगमंचावर आलं की आधी प्रेक्षकांना रामराम करणार. वर्षाताईंना हे पटत नाही. त्या म्हणतात 'झपाटलेला'ला त्या लहानपणी खऱ्या घाबरल्या होत्या. लहानपणी मी नानांनाही घाबरायचो.

काळजी अशी आहे की पुढच्या महिन्यात हाच सिनेमा आम्ही पुन्हा दाखवतोय, आणि नाना म्हणतात, जोडीला चार देशांचे चार सिनेमे लावा, आधी अर्धा तास बोला. 'कोणत्या देशाचा विनोद कसा' यावर. दिग्या, हा विषय म्हणजे खड्डा आहे. 'ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन' (१९८१) कुणाचा धरू? दिग्दर्शक जॉन लँडिस अमेरिकन, नायकाचा लांडगा होतो त्या रूपांतराचा मेकअप करणारा रिक बेकर अमेरिकन, त्याला त्या कामाबद्दल मेकअपचं पहिलं ऑस्कर मिळालं. पण 'द स्लॉटर्ड लँब' हा पब अस्सल इंग्रजी आहे. परके आत आले की सगळे गप्प, बाण फेकणाऱ्याचा नेम चुकतो, धोका माहीत असूनही कुणी सरळ सांगत नाही, कारण सांगणं म्हणजे आगाऊपणा. पुढे पिकॅडिलीच्या थिएटरात नायकानं मारलेली माणसं रांगेनं बसून त्याला आत्महत्येचे प्रकार सुचवतात, त्यातलं इंग्रज जोडपं तर सहलीला आल्यासारखं खुशीत. अमेरिकन माणसानं बाहेरून बघितलं म्हणूनच हे दिसलं असेल का? उलट बाजूनं, 'द ओल्ड डार्क हाउस' (१९३२) हॉलिवुडात झाला, पण दिग्दर्शक जेम्स व्हेल इंग्रज आणि मूळ कादंबरी इंग्रज लेखक प्रिस्टलीची. 'डॉग सोल्जर्स' (२००२) स्कॉटलंडचा म्हणायचा आणि चित्रण बहुतेक लक्झेंबुर्गात. आणि शॉनची झोंबी तर सरळ पिट्सबर्गच्या रोमेरोकडून, झोंबीपटांच्या त्या अमेरिकन दिग्दर्शकाकडून, उसनी आणलेली, शॉनच्या दुकानाचं नावसुद्धा रोमेरोच्या नटावरून, केन फोरीवरून. रोमेरोला सिनेमा इतका आवडला की त्यानं शॉन झालेल्या पेगला आणि दिग्दर्शक राइटला आपल्या २००५च्या 'लँड ऑफ द डेड'मध्ये झोंबी म्हणून उभं केलं. मग राष्ट्रीय काय उरलं?

माझं उत्तर: संकट कुठूनही आणा, ते आल्यावर माणसं काय सोडायला तयार नाहीत, ते त्या देशाचं. शॉन पब सोडत नाही. हातात क्रिकेटची बॅट, आणि जगबुडीवरचा उपाय काय, तर आईला घ्यायचं, प्रेयसी लिझला घ्यायचं, पबात जाऊन बसायचं. 'साइटसीअर्स'मधलं (२०१२) जोडपं कॅरॅव्हॅन घेऊन क्रिचचं ट्राम संग्रहालय, केझिकचं पेन्सिल संग्रहालय बघत फिरतं, आणि पहिला खून कशावरून? एकानं ट्राममध्ये कागद टाकला. आपल्याकडे एवढ्यावरून माणसं मारली तर साताऱ्याचं स्टँड आठवड्यात रिकामं होईल. 'कॉकनीज व्हर्सेस झोंबीज'मध्ये (२०१२) एक म्हातारा वॉकर घेऊन पळतोय आणि मागे तितकीच हळू झोंबी. पाठलागाचा सगळा सिनेमा त्या दोन पावलांत. शेजारच्या आयर्लंडचा 'ग्रॅबर्स' (२०१२) घे. समुद्रातून आलेल्या जनावरांना दारू मिसळलेलं रक्त सोसत नाही, म्हणून जीव वाचवायचा तर अख्ख्या बेटानं झिंगलेलं राहायचं. नशा चढवायची पण हुशारी ठेवायची, या हिशेबातच विनोद आहे.

न्यूझीलंडवाल्यांचं वेगळं. तिथे एक म्हणजे पीटर जॅक्सनचा 'ब्रेनडेड' (१९९२), छातीशी गवत कापायचं यंत्र धरून खोलीभर मुडदे कापत जाणारा मातृभक्त मुलगा. ब्रिटनच्या सेन्सॉरनं एकही काप न लावता पास केला, अमेरिकेत मात्र कापाकापी झालेली प्रतही फिरली. आणि दुसरा 'व्हॉट वी डू इन द शॅडोज' (२०१४), वेलिंग्टनमध्ये भाड्याच्या घरात राहणारे रक्तपिपासू, आणि भांडण कशावर, तर पाच वर्षं कुणी भांडी घासली नाहीत. हे आपल्याला चपखल कळतं. कर्वेनगरची खोली आठवते ना? तुझा कुकर. बास.

अमेरिकेचं मी दोन वाक्यांत उरकणार आहे, तू चिडशील. तिथे भूत म्हणजे कामाचा प्रश्न. 'घोस्टबस्टर्स'मध्ये (१९८४) कंपनी काढतात, 'झोंबीलँड'मध्ये (२००९) नियमांची यादी करतात, आणि शेवटी नायक त्या कामात तरबेज होतो. शॉन शेवटपर्यंत तरबेज होत नाही.

हाँगकाँगचा 'मिस्टर व्हँपायर' (१९८५) मी मुद्दाम लावणार आहे, कारण त्याला पाट्या कमी लागतात. ताठ हातांनी टुणटुण उड्या मारत येणारं प्रेत, श्वास रोखला तर त्याला माणूस कळत नाही, कपाळावर पिवळा कागद चिकटवला की थिजतं. चावा बसला तर उपाय चिकट तांदूळ, चिकटच हवा. आणि दुकानदार त्यात साधा तांदूळ मिसळतो! आमच्या हॉलमध्ये याला शंभर टक्के टाळी. भेसळीला भाषांतर लागत नाही.

बोलायला हे सगळं ठीक. खरं भय पाट्यांचं आहे. पहिली चाचणी घेतली तेव्हा दहाव्या मिनिटालाच पाटी पंचवीस सेकंद मागे. बापू म्हणाला, सरकव पुढे. सरकवून काही होत नाही, कारण हा फरक वाढत जातो. माझी फाइल सेकंदाला २४ चौकटींच्या प्रतीवर बेतलेली आणि मंडळाची डिस्क ब्रिटनची, २५ चौकटींची. तोच ९९ मिनिटांचा सिनेमा तिथे ९५ मिनिटांत संपतो. प्रत्येक वेळेला ०.९६ नं गुणायचं, मग जुळतं. दुसरी गंमत म्हणजे यंत्रानं ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे नेऊन टाकली आणि जोडाक्षरं फोडली. शेवटी पाट्या चित्रातच भाजून घेतल्या, म्हणजे आता काही दुरुस्त करायचं तर पुन्हा सगळी भट्टी.

नियम तुला पाठ आहेत: दोन ओळी, ओळीत पस्तीस-चाळीस अक्षरं, सेकंदापेक्षा कमी नाही, सहा-सातपेक्षा जास्त नाही. पण हशाचा नियम कुणी लिहून ठेवत नाही. विनोदाचा शेवटचा शब्द पाटीवर आधी आला की लोक नटाच्या आधी हसतात आणि पुढचं वाक्य हशात बुडतं. म्हणून वाक्य मोडायचं. पहिली पाटी सेटअप, नटानं तोंड उघडलं की दुसरी. आपलं क्रियापद शेवटी येतं याचा इथे फायदा होतो, पण नेहमी नाही.

आता सगळ्यात लाज वाटणारी चूक. सुरुवातीला दुकानात शॉनच्या खिशातलं लाल पेन गळतं आणि त्याला कुणीतरी सांगतं, 'यू हॅव गॉट रेड ऑन यू.' मी लिहिलं, 'शाई सांडलीय तुझ्या शर्टवर.' नेटकं, घरगुती मराठी. मग शहरभर रक्त सांडतं आणि तेच वाक्य त्याच सुरात पुन्हा येतं. आता काय लिहू? 'रक्त लागलंय'? मग पहिल्याशी नातं तुटलं. त्या वाक्याची मजा हीच की त्यात शाईही नाही आणि रक्तही नाही, नुसता रंग आहे. सांगणारा शर्ट बघतो, माणूस बघत नाही. 'लाल लागलंय तुला.' मराठीत जरा अवघडतं, पण अवघडू दे. दोन्हीकडे तेच हवं. हे मला काल रात्री दीड वाजता सुचलं, म्हणजे खेळ संपल्यावर पाच तासांनी.

एक गोष्ट मात्र जमलीय, तुलाच दाखवायची होती. पबात शॉनचा मित्र एड दुसऱ्या दिवसाचा पिण्याचा बेत सांगतो ना, आधी ब्लडी मेरी, मग किंग्ज हेडमध्ये 'बाइट', लिटल प्रिन्सेसमध्ये दोन, झोकांड्या खात इथे परत आणि शेवटी बारवर 'शॉट्स'. पुढचा सगळा सिनेमा त्यात आहे: बागेतली मेरी, सावत्र बापाला चावा, लिझच्या घरचं जोडपं, झोंबीचं सोंग घेऊन पबपर्यंत, आणि मग बंदूक. मेरी आणि किंग्ज हेड मी तसंच सोडलं, 'बाइट'ला 'एक चावा' चाललं. पण शेवट बघ: 'आणि मग बारमध्ये बार!' इंग्रजीला एका शब्दात जे साधलं ते आपल्यालाही साधलं, बंदुकीचा बार आणि दारूचा बार. यावर हॉलमध्ये कुणीही हसलं नाही. बापूसुद्धा नाही.

झेडच्या शब्दाचं राहिलंच. शॉन एडला बजावतो की तो झेडवाला शब्द उच्चारू नकोस. मी 'झ'वाला केला, छान बसला. पण नानांनी फळ्यावर 'झोंबींचा सिनेमा' लिहिलं आणि दोघं पैलवान विचारून गेले की कुस्तीचा आहे का. त्यांची काय चूक? झोंबी हा शब्द आपल्याकडे अंगाला अंग भिडवायच्या झटापटीसाठी कधीचा आहे. 'झोंबिवली'वाल्यांनी २०२२ मध्ये डोंबिवलीला झोंबीत बुडवलं तेव्हाच आदित्य सरपोतदारनं हा श्लेष साधला असता तर बरं झालं असतं.

तर माझ्या पुढच्या महिन्याच्या अडचणीत तुझी मदत अशी हवी. फिलिपचं नळाचं वाक्य. तू तेव्हा म्हणाला होतास की 'हळद लावलीय' कर, सगळा हॉल हसेल. मी म्हणालो होतो लंडनमध्ये हळद कुठून आली, आणि आपण तीन आठवडे बोललो नव्हतो. अजूनही हळद घालणार नाही. पण 'नळाखाली धरला होता' यावर काल चार जणच हसले, त्यात एक मी. हळदीइतकं फालतू, हळदीइतकं घरगुती, पण हळद नसलेलं काहीतरी सुचव. अठ्ठावीस अक्षरांत बसव, बिल नाय भराभर बोलतो.

तुझं काय चाललंय? नवं घर मिळालं का? मुलीचं दहावीचं वर्ष ना हे, तिला शुभेच्छा, आणि वहिनींना सांग त्या लोणच्याची बरणी परत द्यायची आठवण आहे.

तुझा,
शऱ्या

ता. क. 'डेड ऑफ नाइट'चं (१९४५) तू विचारलं होतंस. हो, गोल्फची गमतीची गोष्ट अमेरिकेत दाखवताना कापली होती, ख्रिसमसच्या मेजवानीची पण. म्हणजे ती पैज मी जिंकलो. मिसळ उधार आहे, तर्री वेगळी.