माझी वही वाचणाऱ्या दादांना

दादा, स. न.

त्या रविवारी तुम्ही निघालात तेव्हा दारात उभं राहून धड दोन शब्दही बोलता आले नाहीत. गळा भरून आला होता. म्हणून हे पत्र.

गणपतीपासून माझा कॉम्प्युटर रोज बंद पडत होता. अक्षरजुळणी घरी करते, आणि हे दिवस दिवाळी अंकांचे. पान लावून होत आलं की पडदा निळा, त्यावर ते रडकं तोंड, आणि सेव्ह न केलेलं सगळं गेलं.

तुमच्याआधी दोन ठिकाणी नेला होता. पहिल्या दुकानात न विचारता फॉरमॅट मारला. माझे श्रीलिपीचे फॉन्ट गेले, लावून ठेवलेली चाळीस पानं गेली, आणि चौथ्या दिवशी पडदा पुन्हा निळा. दुसऱ्याने नवा एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) बसवला, पैसे घेतले. तरी बंद पडतोय म्हटल्यावर म्हणाला, "आमच्याकडे दोन तास चालला मॅडम. तुम्हीच काहीतरी भलतं क्लिक करत असाल." बावीस वर्षं हेच काम करतेय मी. ते वाक्य अजून सलतं.

दोन्हीकडे मी वही पुढे केली होती. कधी बंद पडला, किती वाजता, काय चालू होतं, निळ्या पडद्यावर खाली काय लिहिलं होतं, सगळं टिपलेलं. एकानेही उघडून पाहिली नाही.

तुम्ही मशीनला हात लावायच्या आधी विचारलंत, "ताई, कधी कधी बंद पडला, काही लक्षात आहे?" मी वही दिली. तुम्ही खुर्ची ओढून बसलात आणि सतराच्या सतरा नोंदी वाचल्यात. बोट ठेवून, एकेक ओळ. चहा गार झाला. मग म्हणालात, "किती व्यवस्थित लिहिलंय. अर्धं काम तुम्हीच केलंय."

दादा, दुरुस्ती त्यानंतर झाली, पण माझं ओझं तिथेच उतरलं.

निळ्या पडद्यावर कधी 'मेमरी मॅनेजमेंट', कधी 'पेज फॉल्ट', कधी 'आयआरक्यूएल' असं काहीतरी. दर वेळी वेगळं नाव बघून मी घाबरत होते, की किती रोग आहेत याला! तुम्हाला नेमका त्यातच धागा सापडला. एकच प्रोग्रॅम किंवा ड्रायव्हर बिघडला असता तर बहुधा तेच तेच नाव आलं असतं. नावं अशी बदलतात तेव्हा आधी रॅम, म्हणजे चालू काम तात्पुरतं धरून ठेवणारी मेमरी, बघायची, हे तुम्ही मला समजेल असं सांगितलंत. हलक्या कामात रॅमचा खराब भाग बऱ्याचदा वापरलाच जात नाही. मोठे फोटो असलेली पानं उघडली की मेमरी भरत जाते आणि गाडी नेमकी तिथे अडते. दुकानात दोन तास का चालला, तेही तेव्हा कळलं. माझं क्लिक चुकत नव्हतं.

रात्रभर रॅमची टेस्ट लावून ठेवलीत. सकाळी रॅमच्या एका पट्टीवर चुकांचा ढीग, दुसरी स्वच्छ. आठ जीबीची ती खराब पट्टी काढून कागदात गुंडाळून माझ्याच हातात दिलीत: "बिल शोधा, वॉरंटीत बदलून मिळेल. तोवर एकीवर चालेल, नवीन घ्यायची घाई नको." विकायची संधी समोर असताना असं सांगणारी माणसं आहेत अजून. आमच्या वडिलांचा घड्याळदुरुस्तीवाला असाच होता. काढलेला भाग पुडीत बांधून परत द्यायचा, आणि नुसतं तेल घातलं असेल तर पैसे घ्यायचा नाही. तुम्हीही पेट्रोलपुरतेच घेतलेत, तेही मी हट्ट केला म्हणून.

जाताना वहीत अठरावी ओळ तुम्ही तुमच्या अक्षरात लिहिलीत: 'एक पट्टी काढली. पुढे बंद पडल्यास इथेच लिहिणे.' आज तीन आठवडे झाले, त्याखाली काही लिहावं लागलेलं नाही. गेलेली चाळीस पानं पुन्हा लावून झाली. अंक परवा छपाईला गेला.

पहिली प्रत तुमच्या घरी आणून देणार आहे. भाच्याकडे पत्ता तेवढा कळवा.

तुमची,
ताई