लास्ट सीन बंद केलंस, पाहिलं मी

चि. छोटू,
अनेक आशीर्वाद.

तू लास्ट सीन बंद केलंस. कर बाबा, तुझा फोन, तुझी मर्जी. पण रविवारी एवढा आवाज चढवायची गरज नव्हती. "आई, तू माझ्यावर पाळत ठेवतेस" म्हणालास आणि मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवून दिलास. ताई शेजारीच बसली होती. तिला हसू आलं. मला नाही आलं.

पाळत कसली रे? नोकरी सुटली तरी पहाटे चारच्या सुमाराला माझे डोळे आपोआप उघडतात. त्या वेळेला वॉर्डात नाडी-तापमानाची फेरी असायची, ती अंगातून गेलेली नाही. उठून बसलं की हात फोनकडे जातो, आणि फोन उघडला की सगळ्यात वर नाव तुझं. त्याखाली तीन सत्तावन्न दिसलं, तर काय मी ते न वाचता सोडून देऊ?

म्हणून हे पत्र, आणि तेही हाताने लिहिलेलं. फोनवर लिहिलं की तुझ्याकडून दोन निळ्या खुणा येतात आणि पुढे सगळं शांत. ठरवून बसलेय की यात जागरणाचा विषय काढायचा नाही. सांगण्यासारखं इतर पुष्कळ आहे.

बाबा बरे आहेत. गुडघा कुरकुरतो. व्यायाम सांगितलाय, तो मी समोर उभी राहिले तरच होतो. त्यांनी आता नवं खूळ घेतलंय, रोज संध्याकाळी दिवसाचा हिशेब लिहायचा. पैशांचा नव्हे, दिवसाचा. वही टेबलावर उघडी असते, त्यामुळे मी वाचते. एका तारखेखाली फक्त "आज बरं होतं" एवढंच. दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली, "कालचं खरं आहे, पण दुपारपर्यंतच." इतकी वर्षं या माणसाबरोबर काढली, पण त्यांच्या मनात दुपारनंतर काही होतं हे मला वहीतून कळलं. विचारलं, तर म्हणाले, "काही नाही, असंच." तू कोणावर गेलास हे वेगळं सांगायला नको.

त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की एकवीस दिवस नेमाने केलं की सवय लागते. एकवीस दिवस झाले आणि बाविसाव्या दिवशी वहीची आठवणच झाली नाही, तेव्हा स्वतःवर रुसून बसले. मग ताईने शोधून वाचून दाखवलं. 2010 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 96 जणांच्या रोजच्या साध्या सवयींचा मागोवा घेतला होता. न आठवता, आपसूक ती गोष्ट व्हायला मध्यावरच्या माणसाला 66 दिवस लागले. कोणाला 18 दिवसांतच जमलं, तर कोणाला 254 लागतील असा हिशेब निघाला. मध्ये एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही, हेही त्यातच होतं. बाबांना 254 हा आकडा फार आवडलाय. वही विसरली की तोच ऐकवतात.

आता बघ, चांगल्या सवयीला इतके दिवस लागतात, आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळ्यांसमोर तो उजेड धरून बसायची सवय मात्र आठवड्यात लागते. तुला कोणी रात्रपाळी लावलेली नाही. माझ्या नशिबात ती पगारासकट आली होती, तू फुकटात स्वतःलाच लावून घेतलीस.

झालं, काढला विषय. काढलाच आहे तर पुरता बोलून टाकते.

झोप म्हणजे काम संपल्यावर उरलेली वेळ, असं तुम्हा सगळ्यांना वाटतं. तसं नसतं. 1729 मध्ये एका फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूचं झाड अंधारात ठेवून पाहिलं होतं. ऊन दिसत नसतानाही त्याची पानं दिवसा उघडत राहिली आणि रात्री मिटत राहिली. म्हणजे घड्याळ झाडाच्या आतच होतं. माणसाच्या मेंदूतही तसं आहे. पेशींमधलं हे घड्याळ कसं चालतं ते फळमाश्यांवर शोधून काढणाऱ्या तिघांना 2017 चं नोबेल मिळालं. डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावर हे घड्याळ रोज जुळवलं जातं. तू मध्यरात्री त्याला उजेड दाखवतोस, ते बिचारं समजतं अजून संध्याकाळच आहे. मग सकाळी अलार्मने उठवलं की दिवसभर डोकं जड. त्यावर उपाय म्हणून संध्याकाळी सहाला कॉफी. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात, म्हणजे अकराला अंथरुणावर पडलास तरी अर्धी कॉफी अंगात जागीच. आणि तू म्हणणार, मला झोपच येत नाही, त्याला मी काय करू?

हे भाषण झालं, कळतंय मला. माफ कर. ताई म्हणते, आई बोलायला लागली की समोरच्याला आपण कॉटवर पडलोय असं वाटतं. निवृत्त झालेल्या सिस्टरला पेशंट मिळत नाहीत, मग ती पोरांना धरते.

खरं तर तू लहान असताना झोपेचं भांडण उलटं होतं. माझी रात्रपाळी असली की तू झोपायला तयार नसायचास. बाबा वॉर्डाच्या फोनवर फोन लावून द्यायचे आणि तू विचारायचास, "किती जण झोपले?" मी खाटा मोजल्यासारखं करून सांगायचे, "चौदा झोपले, दोन जागे आहेत." मग तू म्हणायचास, "त्या दोघांना सांग, मी झोपतोय." आणि खरंच झोपायचास. बाबा सांगतात, फोनचा रिसीव्हर हातात तसाच असायचा, बोटं सोडवून घ्यावी लागायची. पुढे कधीतरी हे बंद झालं. कधी, ते माझ्या लक्षातच आलं नाही. तू मोठा झालास आणि दाराला आतून कडी लावायला लागलास, एवढंच.

त्या दोघा जाग्यांचं तुला कधी सांगितलं नव्हतं. आज सांगते.

कुठल्याही वॉर्डात रात्री तीन ते पाच ही वेळ वाईट. तुझ्या आईची अंधश्रद्धा नाही ही. पहाटे शरीराचं तापमान सगळ्यात खाली गेलेलं असतं, जागं राहणाऱ्याचं लक्ष ढिलं पडतं, आणि मनाची तर काही खैरच नसते. एक बाई होत्या, ऑपरेशन नीट झालेलं, टाके कोरडे, ताप नाही. रात्री तीनला त्या कॉटचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलेल्या असायच्या. मी जवळ गेले की एकच प्रश्न, "सिस्टर, खरं सांगा, मी घरी जाईन ना?" त्यांच्या बोटांची पेरं पांढरी झालेली असायची. मी त्यांचा कागद दाखवायचे, नाडी दाखवायचे, काही उपयोग नाही. मग नुसतीच स्टूल ओढून बसायचे. आणि सकाळी सातला त्याच बाई माझ्यावर डाफरायच्या की कंगवा कुठे ठेवलात, भेटायला माणसं येतील, मी अशी बसू का? दुखणं तेच, बाई त्याच, कागदावरचे आकडे तेच. मधे फक्त चार तास गेलेले.

हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता माझ्या स्वतःच्या मनाचंही पहाटे ऐकत नाही. चारला जाग आली की सगळं एकदम समोर येतं, बाबांचं दुखणं, ताईचं घर, तू, आणि आता कोणाच्या उपयोगाची नसलेली मी. मी त्या विचारांना म्हणते, थांबा, सातला या. सातला त्यातले निम्मे येतच नाहीत. जे येतात त्यांचं काहीतरी करता येतं.

तुला मार्चमध्ये जे झालं त्याबद्दल मी विचारणार नाही, असं मी तेव्हाच म्हटलं होतं आणि विचारलेलं नाही. त्यानंतर तू काम किती वाढवलंस तेही दिसतंय. तुझ्या ऑफिसातल्या त्या मुलाचे वडील गेले तेव्हा त्याचं सगळं काम तू अंगावर घेतलंस आणि घरी अवाक्षर काढलं नाहीस. ताईला ते भलत्याच कोणाकडून कळलं. मी किती जणींना सांगितलं असेल! बाबा म्हणाले, त्याने लपवलं आणि तू दवंडी पिटतेस. पिटणारच. पण अभिमान वाटता वाटता मधेच पोटात गोळा येतो, की दुसऱ्याचं एवढं उचलणारा हा मुलगा स्वतःचं कोणापाशी ठेवतो?

रविवारी भांडण लास्ट सीनवरून झालं, पण ते तू का केलंस ते मला ठाऊक आहे. त्याच्या आदल्या रात्री मी फोन केला होता तेव्हा बोलता बोलता तू म्हणालास, "कशातच काही अर्थ वाटत नाही गं." आणि लगेच हसलास आणि बाबांच्या गुडघ्याचं विचारलंस. मी ते ऐकलं. मला ऐकू आलं हे तुलाही कळलं.

तेव्हा आता सरळ विचारते. आम्हाला शिकवलं होतं की असं विचारल्याने कोणाच्या डोक्यात नसलेलं काही शिरत नाही, उलट असलेलं बाहेर यायला वाट मिळते. वॉर्डात मी हा प्रश्न अनोळखी माणसांना विचारलाय आणि आवाज हलू दिलेला नाही. तुला लिहिताना पेन तीनदा खाली ठेवलं. छोटू, जगू नये असं तुझ्या मनात येतं का? स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का?

"नाही" असेल तर नाही म्हण, मी विश्वास ठेवीन. "कधीकधी" असेल तर तेही म्हण. मी रडणार नाही, तुला न विचारता बाबांना सांगणार नाही, पहिल्या गाडीने येऊन तुझ्या खोलीत ठाण मांडणार नाही. म्हणजे, येईन, पण तू म्हणशील तेव्हा. आणि आपण दोघं मिळून नीट डॉक्टर शोधू. झोप उडणं आणि मन उतरणं ही दोन्ही एकमेकांना धरून असतात, एकाला हात घातला की दुसऱ्यालाही थोडं बरं वाटतं. त्यासाठी गोळ्याच घ्याव्या लागतात असंही नाही. जुन्या निद्रानाशावर आता आधी विचार आणि सवयी बदलायची उपचारपद्धती सांगतात, गोळ्यांचं नंतर बघतात. ते शिकवणारी माणसं असतात.

तोवर एवढं करून बघ. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर अंथरुणात तळमळत राहू नकोस. ऊठ, मंद दिव्यात खुर्चीत बस, डोळे जड झाले की परत जा. घड्याळाकडे बघू नकोस. आणि पडण्याआधी पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी कागदावर लिही. 2018 मध्ये अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात हे करून पाहिलं होतं. उद्याचं लिहिणाऱ्यांना, झालेलं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. नऊ मिनिटं म्हणजे काय मोठं, असं म्हणशील. पडून छताकडे बघणाऱ्याला विचार नऊ मिनिटं किती असतात ते.

परत भाषण. असो.

लास्ट सीन बंदच ठेव. पण पहाटे फारच अंगावर यायला लागलं तर मला फोन कर. चारला मी जागीच असते, तू मला उठवलंस असं होणार नाही. बोलायलाच पाहिजे असंही नाही. किती जण झोपले एवढं विचारलंस तरी चालेल.

बाबांना विचारलं, काही लिहायचंय का खाली. बराच वेळ चष्मा पुसला आणि म्हणाले, "त्याला लिही, मी बरा आहे." मग म्हणाले, "दुपारनंतरही." तुला कळेल.

तुझी,
आई

ता. क. पडद्याचं कापड आणलंय, जाड आणि गडद. रस्त्यावरचा दिवा डोळ्यांवर येतो म्हणतोस ना, निदान ती सबब तरी संपवते. खिडकीचं माप कळव. काचेचं नको, रॉडपासून खाली, आणि दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जास्त धर. टेप लावून मोज. मागच्या वेळी अंदाजाने सांगितलंस आणि ते आखूड झाले.