‘डबल इन्डेम्निटी’तील विमा एजंटाला इतक्या सहज सोडू नका

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दिग्दर्शक बिली वाइल्डर यांच्या ‘डबल इन्डेम्निटी’ (म्हणजे दुप्पट भरपाई, १९४४) या चित्रपटावर लेख आला आणि पाठोपाठ त्यावरील वाचकांच्या प्रतिक्रियाही आपण आवर्जून छापल्या, याबद्दल प्रथम आभार. ऐंशी वर्षांपूर्वीच्या एका कृष्णधवल अमेरिकी गुन्हेपटावर आजही वाचक इतक्या हिरिरीने लिहितात, याचा आनंद वाटला. मात्र त्या प्रतिक्रिया एका बैठकीत वाचताना एक गोष्ट खटकली. चित्रपट डोक्यावर घेणारे आणि त्याला नाके मुरडणारे, अशा दोन्ही बाजूंच्या वाचकांनी एका बाबतीत मात्र एकमुखाने निकाल देऊन टाकला आहे. तो असा, की फिलिस डिट्रिक्सन नावाच्या बाईने एका हसतमुख, कर्तबगार विमा एजंटाला नादी लावले, त्याच्याकडून नवऱ्याचा खून करवून घेतला आणि त्याच्या आयुष्याचे वाटोळे केले. माझी सारी नोकरी विमा कार्यालयाच्या क्लेम्स, म्हणजे दावे तपासणाऱ्या, विभागात गेली. त्या टेबलावरून पाहिले, तर हा निकाल मला एकतर्फी वाटतो.

चित्रपटातील घटनांचा क्रम नीट पाहावा. नवऱ्याला कळू न देता त्याचा अपघात विमा काढता येईल का, एवढेच फिलिस विचारते. वॉल्टर नेफ मुरलेला एजंट असल्याने त्याला त्या प्रश्नामागचा हेतू क्षणात कळतो आणि तो तिला फटकारून निघूनही जातो. पण ती त्याच्या घरी येते आणि त्यानंतर योजनेची सूत्रे जवळजवळ पूर्णपणे त्याच्या हाती जातात. मोटारीच्या विम्याच्या नूतनीकरणाची दुसरी प्रत म्हणून अपघात विम्याच्या अर्जावर डिट्रिक्सनची सही घेण्याची युक्ती त्याची. सही होताना सावत्र मुलगी लोला साक्षीदार म्हणून खोलीत असावी, ही काळजीही त्याचीच. पाय मोडलेल्या मृत डिट्रिक्सनच्या जागी त्याचे सोंग घेऊन, कुबड्यांसह आगगाडीत तोच चढतो. आपण घरी नसताना फोन वाजला किंवा कुणी दारावरची घंटा वाजवली तर ते परतल्यावर कळावे, म्हणून दोन्ही घंट्यांमध्ये कागदाचे तुकडे अडकवून ठेवणारा हा माणूस ‘वाहवत गेलेला’ कसा? शिवाय त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केले आहे, की जुगाराच्या चक्रामागे उभा राहून लोकांच्या लबाड्या पकडणाऱ्या माणसाच्या मनात कधीतरी येतेच, की या अड्ड्याला आपणच गंडवू शकू, कारण चक्र आपल्या हाताखालचे आहे. हा विचार त्याच्या डोक्यात फिलिसला भेटण्याच्या कितीतरी आधीपासून घोळत होता. ती आली आणि त्याला निमित्त मिळाले.

याचा अर्थ फिलिस निर्दोष आहे, असा मुळीच नाही. लोलाच्या सांगण्याप्रमाणे पहिल्या मिसेस डिट्रिक्सनच्या आजारपणात हीच बाई परिचारिका होती आणि न्यूमोनियाने तळमळणाऱ्या रोग्याच्या खोलीच्या खिडक्या तिने थंडीत सताड उघड्या ठेवल्या होत्या. फिलिस साकारणाऱ्या बार्बरा स्टॅनविक यांनी तिला कुठेही मऊपणा येऊ दिलेला नाही. परंतु हेही विसरता येत नाही, की पडद्यावर आपल्याला दिसते ती फिलिस नेफने सांगितलेली आहे. खांद्यात गोळी घेऊन तो रात्री कार्यालयात येतो, डिक्टाफोन या आवाज टिपणाऱ्या यंत्रासमोर बसतो आणि १६ जुलै १९३८ ही तारीख घालून क्लेम्स मॅनेजर बार्टन कीज यांच्या नावे कबुलीजबाब सांगू लागतो. जिन्यावरून उतरणारे तिचे पाय, पायातली ती साखळी, तिचे ते बोलणे, हे सारे त्याच्या आठवणीतून येते. कबुलीजबाब देणारा माणूस दोषातला आपला वाटा तेवढा हलका करून सांगतो, हे क्लेम्समध्ये बसलेल्या कुणालाही वेगळे शिकवावे लागत नाही. त्यातही शेवटच्या भेटीत ती एक गोळी झाडते आणि दुसरी झाडू शकत नाही. तो मात्र तिला जवळ घेऊन दोन गोळ्या घालतो. हे त्याच्याच कथनात आहे, तरी आपल्या वाचकांपैकी कुणी त्याकडे वळून पाहिलेले नाही. विनोदी, हलक्याफुलक्या भूमिकांमधून लोकप्रिय झालेल्या फ्रेड मॅकमरे यांना वाइल्डर यांनी नेफची भूमिका का दिली असावी, याचे उत्तर मला आपल्या प्रतिक्रियांच्या पानावरच सापडले. त्या चेहऱ्याला आपण आजही माफ करतो.

एका वाचकाने रूथ स्नायडर प्रकरणाचा दाखला देऊन ‘मूळ घटनेतही बाईच सूत्रधार होती’ असे लिहिले आहे. न्यूयॉर्कमध्ये १९२७ साली घडलेला तो खून आणि त्यामागची, नवऱ्याला पत्ता लागू न देता काढलेली दुप्पट भरपाईची पॉलिसी, यांवरूनच जेम्स एम. केन यांना या चित्रपटाची मूळ कादंबरी सुचली, हे खरे. पण केन यांनी तिथे केलेला बदल बोलका आहे. स्नायडरचा साथीदार जड ग्रे हा कॉर्सेट विकणारा फिरता विक्रेता होता; केन यांनी त्या जागी विमा एजंट आणून बसवला. त्या एका बदलाने गुन्ह्याचे केंद्रच हलले. घरातल्या माणसाने केलेल्या घाताला धंद्यातल्या माणसाच्या घाताची जोड मिळाली, आणि वाइल्डर व रेमंड चँडलर यांनी पटकथा लिहिताना कीजची व्यक्तिरेखा वाढवून हाच धागा पुढे नेला.

इथे आपल्याकडच्या कामाविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. विम्याच्या धंद्यात पहिला अंडररायटर, म्हणजे जोखीम पारखणारा माणूस, एजंटच असतो, असे आम्हाला शिकवले जाई. प्रस्तावकाला, म्हणजे विमा मागणाऱ्याला, कार्यालयातल्या कुणी पाहिलेले नसते. त्याला भेटतो एजंट, प्रपोजल फॉर्मवर त्याच्यासमोर सही होते, आणि त्याच्या गोपनीय अहवालावर विसंबून पुढचे टेबल फाइल हलवते. पॉलिसी घेतल्यावर थोड्याच काळात मृत्यू झाला तर तो ‘अर्ली क्लेम’ ठरतो आणि चौकशीला जातो. पण तिथेही सुरुवात एजंट काय म्हणतो इथूनच होते. आपल्याकडच्या आयुर्विमा पॉलिसीत दुहेरी अपघात लाभ जोडलेला असला, तर मृत्यू अपघाती होता की नाही यावर रक्कम दुप्पट होणे अवलंबून असते आणि पोलिसांचा पंचनामा व शवविच्छेदनाचा अहवाल शब्दन् शब्द वाचला जातो. पण सही खरी होती का, प्रस्तावकाला पॉलिसीची माहिती होती का, हे प्रश्न खात्रीचा एजंट असला की सहसा कुणी विचारत नाही.

आणि या चित्रपटात नेमके तेच घडते. पन्नास हजार डॉलरची पॉलिसी, आगगाडीवरून पडून अपघाती मृत्यू झाल्याचा देखावा, म्हणून दुप्पट, एक लाखाचा दावा. कंपनीचा प्रमुख नॉर्टन आत्महत्येचा मुद्दा रेटतो, तेव्हा एडवर्ड जी. रॉबिन्सन यांचा कीज आत्महत्यांच्या तक्त्यांचे प्रकार आणि उपप्रकार एका दमात म्हणून दाखवतो आणि ताशी पंधरा मैलांनी जाणाऱ्या गाडीच्या मागच्या टोकावरून कुणी जीव द्यायला उडी मारत नाही, हे नॉर्टनच्या गळी उतरवतो. या प्रसंगाला सगळेच टाळ्या देतात. माझ्या मते त्याहून मोठा क्षण नेफच्या घरातला आहे. डिट्रिक्सनचा पाय मोडला होता, त्याच्याजवळ अपघात विमा होता, मग त्याने पायाचा क्लेम का केला नाही, असा साधा प्रश्न कीजला पडतो. त्याला विमा असल्याचे ठाऊकच नसेल, हे उत्तरही त्याच्या ओठांवर येते. आणि लगेच तो ते खोडून टाकतो, कारण पॉलिसी नेफने स्वतः नेऊन दिली होती ना? नेफ होकार देतो आणि विषय संपतो. दावा तपासणाऱ्या माणसाची अशी गत मी पडद्यावर दुसरीकडे पाहिलेली नाही. खुनाचा उलगडा हाताशी आला होता; एका सहकाऱ्याच्या शब्दावरच्या विश्वासाने तो निसटला.

त्याआधीचा एक प्रसंगही या दृष्टीने पाहावा. कीज नेफला आपला सहायक होण्याची गळ घालतो. पगार पन्नास डॉलरने कमी होईल, पण फाइलीतले कागद कीजला निर्जीव वाटत नाहीत. क्लेम्सचा माणूस त्याच्या लेखी डॉक्टरही असतो, न्यायाधीशही आणि पापनिवेदन ऐकणारा पाद्रीही. नेमका त्याच वेळी फोन वाजतो. पलीकडे फिलिस असते. पाय मोडलेला नवरा कुबड्या घेऊन आगगाडीने निघाला आहे, हे ती सांगते. नेफ दुसऱ्याच कुणाशी बोलत असल्यासारखा बोलतो, फोन ठेवतो आणि नोकरी नाकारतो. खून व्हायच्या आधी प्रामाणिकपणाचा रस्ता त्याच्यासमोर, त्याच्याच टेबलापाशी उभा होता. तो त्याने कुणाच्या मोहाने नाकारला म्हणावे?

बाकीचे आक्षेप किरकोळ आहेत. खुनी कोण हे सुरुवातीलाच कळल्याने रहस्य उरत नाही, ही तक्रार मला समजत नाही. कीजला कधी कळणार, यातच तर सारा ताण आहे. नेफच्या घराचे दार बाहेरच्या बाजूला उघडते आणि फिलिस कीजपासून त्याआड लपते, ही मात्र शुद्ध सोय आहे, ती मान्य करावी. अविवाहित नेफच्या बोटात मॅकमरे यांची स्वतःची लग्नाची अंगठी दिसते, तीही ज्यांना दिसली त्यांच्या नजरेचे कौतुक. शेवट ‘सेन्सॉरच्या धाकाने नीतिपाठासारखा झाला’ असे एका वाचकाला वाटते. हॉलिवूडच्या तेव्हाच्या निर्मिती संहितेला, म्हणजे चित्रपटात काय दाखवावे याच्या नियमावलीला, गुन्हेगाराला शिक्षा झालेली हवी होती, आणि १९३५ साली तिच्या अंमलदारांनी या कथेला हरकतही घेतली होती. पण वाइल्डर यांनी नेफला गॅस चेंबरमध्ये मृत्युदंड दिल्याचे दृश्य चित्रित करूनही वगळले. नीतिपाठच द्यायचा असता तर ते त्यांनी जपून ठेवले असते.

ता. क. : मूळ लेखातील कथासारांशात ‘फिलिसच्या सांगण्यावरून नेफने पॉलिसीतील दुप्पट भरपाईचा फायदा घेण्याचे ठरवले’ असे वाक्य आहे. चित्रपटात ते कलम आणि त्यासाठी मृत्यू रेल्वेतच घडवण्याची गरज नेफच फिलिसला समजावून सांगतो. पुढील अंकात ही दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विमा कर्मचारी, सातारा