दगडीपाला की माका?

प्रिय मनोहर,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र आणि सोबतचे छायाचित्र काल मिळाले. विळ्याने कापलेल्या बोटावर लावण्यासाठी तू जो पाला खुडून आणलास, तो दगडीपाला नव्हे, माका आहे. पाटाच्या कडेला उगवला होता, असे तू लिहिलेस तिथेच मला शंका आली, कारण माक्याला ओल लागते आणि दगडीपाला मुरमाड जागी, दगडी गडग्याच्या फटींतही तग धरतो.

दगडीपाल्याला एकदांडी का म्हणतात, ते फुलावर आला की कळते. वीतभर लांबीचा, पान नसलेला एकच दांडा सरळ वर येतो आणि त्याच्या टोकाला एकच फूल असते. मध्ये पिवळे, कडेने बहुधा पाच फिकट पांढऱ्या पाकळ्या आणि प्रत्येकीच्या टोकाला तीन बारीक दाते. पान हाताला खरखरीत लागते, त्याच्या कडा खोल दातेरी असतात. माक्याचे फूल म्हणजे पांढरे बटणच, आणि त्याचा पाला बोटांत चुरडला की थोड्या वेळाने रस काळा पडतो. ही खूण छायाचित्रात कधीच दिसणार नाही.

दगडीपाला ही वनस्पती मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली, त्यामुळे चरक-सुश्रुतांत तिला शोधू नकोस. आपल्याकडे तिचा जखमेवरचा गुण गुराख्यांनी आणि शेतकऱ्यांनीच पारखला, आणि मला त्याचे फार मोल वाटते.

वापर किरकोळ कापण्या-खरचटण्यापुरताच ठेव. आधी जखम स्वच्छ पाण्याने धुवावी, पानेही धुवावीत, मग पाच-सहा पाने तळहातावर चोळून रस जखमेवर पिळावा आणि दाबून धरावे. दोन वर्षांपूर्वी मी घाईत पाने मातीसकट चोळली, तेव्हा अंगठा असा पिकला की पंधरा दिवस ड्रेसिंग करावे लागले. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात; म्हणून विळ्याची जखम खोल असेल तर पाल्यावर न विसंबता आजच दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घे. तणनाशक फवारलेल्या बांधावरचा पाला तर मुळीच घेऊ नकोस.

आणलेला माका टाकू नकोस. वहिनींना खोबरेल तेलात उकळायला दे, केसांना चांगला.

पुढच्या पत्रात गडग्यावरची एक डहाळी फुलाच्या दांड्यासह कागदात दाबून पाठव. हातात घेऊन पाहिली की नक्की सांगेन.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
वसंत